धाकट्यांच्या फुटबॉलचे कायदेकानू

नियम म्हटला की तो सर्वांना सारखाच, त्यात लहानथोर असा भेद केला तर खेळाची अदब राहत नाही, असा एक करारी समज आपल्याकडील क्रीडाशिक्षकांत आणि त्याहून अधिक पालकांत रूढ आहे. आणि हा समज बाळगणारी माणसे बहुधा प्रामाणिक व कष्टाळू असल्यामुळे त्याचे निराकरणही थोडे सावकाशीनेच करावे लागते. त्यांच्या समाधानासाठी प्रथम एवढेच निवेदन करावेसे वाटते की, जे आंतरराष्ट्रीय मंडळ १८८६ पासून फुटबॉलचे कायदे ठरवीत आले आहे आणि ज्याच्या संमतीवाचून जगात कोठेही त्यातला एक शब्द इकडचा तिकडे होत नाही, त्याच मंडळाने आपल्या नियमपुस्तकात कुमारांच्या खेळापुरती फेरफाराची मुभा देऊन ठेवली आहे. मैदानाची लांबीरुंदी, चेंडूचा आकार व वजन, गोलखांबांतील अंतर, आडव्या दांड्याची उंची, सामन्याची मुदत, आणि एकदा बाहेर काढलेल्या खेळाडूस पुन्हा आत घेण्याची सवलत, या बाबी प्रत्येक देशाच्या संघटनेस आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतात. तेव्हा सात वर्षांच्या मुलांच्या अकरा-अकरांच्या दोन फळ्या करून त्यांना शंभर मीटरच्या मैदानावर सोडून देणारा शिक्षक कायद्याचे पालन करीत आहे, असे मानण्याचे कारण नाही. कायद्यानेच देऊ केलेली सवलत तो आळसाने म्हणा, अनभिज्ञतेने म्हणा, पदरात घेत नाही, इतकेच.

ही सवलत का घ्यावयाची, हे समजण्यास एका मापाचा विचार पुरेसा आहे. मोठ्यांच्या सामन्यातील गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. सहा वर्षांच्या मुलाची उंची ११५ सेंटिमीटरच्या आसपास. हात वर करून त्याने जिवाच्या आकांताने उडी मारली तरी त्या आडव्या दांड्याशी त्याचा काही संबंध यावयाचा नाही. अशा मुलास त्या प्रचंड चौकटीत उभे करावयाचे, त्याच्या डोक्यावरून गेलेल्या प्रत्येक चेंडूचा जाब त्याला विचारावयाचा, आणि पुढल्या आठवड्यापासून तो मैदानावर फिरकत नाही म्हणून त्याच्या चिकाटीविषयी घरच्यांजवळ शंका प्रकट करावयाची, हा आपला शिरस्ता आहे. चेंडूचीही तीच कथा. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा. नऊ वर्षांखालील मुलांसाठी जो तीन नंबरचा चेंडू मिळतो, तो तीनशे ग्रॅमच्या थोडासा वर. हा फरक दुकानात हाताला किरकोळ भासतो, पण दिवसभर तो चेंडू लाथाडणाऱ्या कोवळ्या घोट्याला मुळीच किरकोळ नसतो.

मात्र माप आणि वजन यांहून महत्त्वाचा हिशेब वाटणीचा आहे. चाळीस मिनिटांचा सामना धरला, तर चेंडू एक आणि त्याचे वाटेकरी बावीस. चेंडू क्षणभरही सीमारेषेबाहेर जात नाही आणि तो सर्वांच्या पायांशी सारखाच येतो, अशी अशक्य कल्पना केली तरीही प्रत्येकाच्या वाट्यास दोन मिनिटांहून कमीच वेळ येतो. प्रत्यक्षात चारसहा धीट मुले तो सर्व वेळ आपसांत वाटून घेतात, दहाबारा जण त्यांच्या मागून नुसते धावतात, आणि पिछाडीचे दोघेतिघे मातीत पायाने रेघोट्या ओढीत घरी जाण्याची वाट पाहतात. तेच भिडू तीन विरुद्ध तीन केले, की तेवढ्याच वेळात दरेकाचा वाटा साडेसहा मिनिटांच्या वर जातो, आणि मुख्य म्हणजे त्या सहांतील कोणालाही लपावयास जागा राहत नाही. पंगतीत वाढणाऱ्याची परीक्षा शेवटच्या पानावर काय पोचले यावरून होते. चेंडू वाढणाऱ्याची परीक्षाही त्याच पानावर व्हावी. म्हणून माझ्या मते धाकट्यांच्या फुटबॉलमधील मूळ फेरफार एकच आहे, तो म्हणजे भिडूंची संख्या कमी करण्याचा. पुढे सांगितलेले बहुतेक नियम त्याच्यामागून ओघाने येतात. आणि ज्याला तो एक अमलात आणणे जमत नाही, त्याने बाकीच्यांचा खटाटोप केला नाही तरी चालेल.

ज्या देशांत हा खेळ मुरलेला आहे, तेथील वहिवाट या बाबतीत पाहण्यासारखी आहे. इंग्लंडच्या संघटनेने २०१२ साली ठराव करून अशी तरतूद केली की, सात व आठ वर्षांखालील मुलांनी पाच-पाचांचे, नऊ व दहा वर्षांखालील मुलांनी सात-सातांचे, आणि अकरा व बारा वर्षांखालील मुलांनी नऊ-नऊंचे संघ करून खेळावे, आणि अकरांचा पुरा सामना तेराव्या वर्षाच्या गटापासून सुरू व्हावा. अमेरिकेने २०१७ पासून आठ वर्षांखालील मुलांसाठी चार विरुद्ध चार हा प्रकार ठरविला आणि त्यात गोलरक्षकच ठेवला नाही. आपल्याकडेही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये ‘गोल्डन बेबी लीग’ या नावाने लहान मुलांसाठी छोट्या संघांच्या स्पर्धांची योजना काढली. पण योजना दिल्लीत निघणे आणि ती एखाद्या तालुक्याच्या शाळेतील तासापर्यंत उतरणे, या दोहोंत पुष्कळ अंतर असते, हे महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. त्याच्या आदल्याच वर्षी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत व्हावयाचे होते तेव्हा, राज्य सरकारने १५ सप्टेंबर २०१७ या दिवशी दहा लक्ष मुलांना फुटबॉल खेळावयास लावण्याचा संकल्प सोडला होता. संकल्प चांगलाच होता. परंतु एका दिवशी दहा लक्ष मुलांनी एकेक लाथ मारण्यापेक्षा दहाच मुलांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा खेळणे अधिक फलदायी, असे म्हटल्यास तो त्या संकल्पाचा अनादर ठरू नये.

या सर्वांत मला अधिक मनोरंजक वाटतो तो जर्मन प्रकार. तेथे २०२४-२५ च्या हंगामापासून लहान गटांत दोन-दोन किंवा तीन-तीनांचे संघ आणि मैदानावर दोनाऐवजी चार लहान गोल, ही पद्धत सक्तीची झाली. या कल्पनेचे जनक हॉर्स्ट वाइन हे मूळचे हॉकीचे मार्गदर्शक. फुटबॉलच्या अभिमानी राष्ट्रास ही गोष्ट हॉकीवाल्याकडून घ्यावी लागली, यात एक गंमत आहेच. प्रत्येक टोकाला, दोन्ही कोपऱ्यांशी एकेक, असे दोन छोटे गोल मांडावयाचे. संघात तीन भिडू, गोलरक्षक नाही. आणि गोलापासून सुमारे सहा मीटरच्या पट्ट्यात शिरून मारलेला चेंडूच गोल धरावयाचा, म्हणजे दुरून दणका हाणणाऱ्या आडदांड मुलाचा वरचष्मा आपोआप संपतो. मग होते असे की, चेंडू घेऊन निघालेले मूल उजव्या गोलाकडे जाते, तेथे दोघे अडवावयास आलेले पाहते, आणि त्याच क्षणी त्याच्या ध्यानात येते की डावा गोल मोकळा आहे. मान वर करणे, मोकळी जागा हेरणे, वळणे किंवा तिकडे उभ्या असलेल्या सोबत्याकडे चेंडू सरकवणे, ज्या गोष्टी मार्गदर्शक घसा कोरडा करून वर्षानुवर्षे सांगतो, त्या येथे मैदानाची आखणीच मुलाला शिकवते. प्रत्येक गोलानंतर दोन्ही बाजूंनी एकेक भिडू बदलावयाचा, हा नियम त्याला जोडला की मोठ्यांच्या लहरीवर कोणाचे खेळणे अवलंबून राहत नाही.

आता आपल्या शाळेत, वसाहतीत किंवा गावच्या माळावर ज्यांना हे प्रत्यक्षात आणावयाचे आहे, त्यांनी कोणते दंडक ठेवावेत ते सांगतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी तीन-तीनांचे संघ, तीस मीटर लांब व वीस मीटर रुंद एवढे मैदान, तीन नंबरचा चेंडू आणि वर वर्णिलेले चार गोल. आठनऊ वर्षांच्या मुलांसाठी पाच-पाचांचे संघ आणि सुमारे ३७ बाय २७ मीटरचे मैदान, त्यात एकेक गोलरक्षक व सुमारे ३.६६ मीटर रुंद आणि १.८३ मीटर उंच असा गोल; ही मापे इंग्लंडमधील चाळीस बाय तीस यार्डांच्या मैदानाची व बारा बाय सहा फुटांच्या गोलाची आहेत, आणि ती तंतोतंत साधली नाहीत म्हणून कोणी दप्तर तपासावयास येणार नाही. त्यापुढे सात आणि मग नऊ भिडूंचे संघ. वय मोजताना मात्र ढिलाई नको. सात वर्षांच्या मुलाला एक वर्षाचे अंतर म्हणजे त्याच्या आयुष्याचा सातवा हिस्सा. पहिलीतली आणि चौथीतली मुले एकाच चेंडूमागे सोडणे हा वेळापत्रकाच्या सोयीसाठी केलेला अन्याय होय. मुली व मुलगे यांनी निदान बारा वर्षांपर्यंत एकत्र खेळावे. या वयात उंचीत आणि ताकदीत मुली मागे नसतात, कित्येकदा पुढेच असतात.

सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू हातांनी डोक्यावरून फेकण्याची रीत धाकट्यांच्या खेळातून सरळ वगळावी. त्यांच्या हातून ती हटकून चुकते, पाय उचलला जातो, शिट्टी वाजते, चेंडू दुसऱ्या बाजूस मिळतो, तीही चुकते, आणि खेळाचा चौथा हिस्सा या न्यायदानात खर्ची पडतो. त्याऐवजी चेंडू रेषेवर ठेवून पायाने आत सरकवावा, किंवा स्वतःच घेऊन आत यावे. गोलरक्षकाच्या बाजूने चेंडू पुन्हा सुरू होत असताना प्रतिपक्षाच्या सर्व भिडूंनी मध्यरेषेपर्यंत मागे हटावे, हा नियम वरकरणी क्षुल्लक दिसतो. पण तो नसेल तर काय होते ते एकदा पाहावे. लहान मुलाची लाथ दहाबारा मीटरच्या पलीकडे जात नाही, तेथेच समोरचा सर्वांत चपळ मुलगा टपून उभा असतो, आणि एकामागून एक पाचसहा गोल एकाच ठिकाणाहून होतात. हटण्याची मुदत मिळाली की मागची मुले एकमेकांकडे चेंडू सरकवून पुढे नेऊ लागतात आणि गोलरक्षकही तो डोळे मिटून भिरकावून देण्याचे थांबवतो.

ऑफसाइड हा नियम दहा वर्षांपर्यंत नकोच. तो समजण्यास अवकाशाची जी कल्पना लागते ती त्या वयात पक्की झालेली नसते, आणि खरे सांगावयाचे तर कट्ट्यावर बसून तावातावाने बोलणाऱ्या थोरांपैकीही फार थोड्यांना तो नीट सांगता येतो. सर्वांत लहान गटात पेनल्टी ठेवू नये आणि फ्री किक सर्व अप्रत्यक्ष ठेवाव्यात, म्हणजे दुसऱ्याचा पाय लागल्यावाचून तिचा गोल होणार नाही. चेंडूला हात लागला म्हणून लगेच शिट्टी फुंकू नये. चेहऱ्यावर येणाऱ्या वस्तूपुढे हात धरणे ही लहान मुलाची स्वाभाविक क्रिया आहे, लबाडी नव्हे. घसरत येऊन पाय घालणे मात्र पूर्ण बंद. डोक्याने चेंडू मारण्याच्या बाबतीत तर दयामाया न ठेवता मनाई करावी: अमेरिकेच्या संघटनेने २०१५ सालीच दहा वर्षे व त्याखालील मुलांना ती केली, आणि इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनी २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांचा डोक्याने मारण्याचा सराव बंद केला. या वयात ते कौशल्य न शिकल्याने कोणाचे काही बुडत नाही.

एखादा संघ चार गोलांनी मागे पडला, तर त्याला एक भिडू जादा उतरवण्याची परवानगी द्यावी, अशी नॉर्वेत पद्धत आहे. आपल्या काही मित्रांना यात पराभूताविषयी फाजील कळवळा दिसतो. मला त्यात जिंकणाऱ्यांचे हित अधिक दिसते; कारण चौदा गोलांनी जिंकणाऱ्या मुलांना पाचव्या गोलानंतर शिकावयास काही उरलेले नसते, आणि चार विरुद्ध तीन अशी गाठ पडली की त्यांनाच पुन्हा डोके चालवावे लागते.

सामन्याची मुदत एका दमात नको. आठ-आठ मिनिटांचे चार भाग आणि मधे पाणी. विदर्भात व मराठवाड्यात फेब्रुवारी सरल्यानंतर उन्हे चढण्याच्या आत, सकाळी आठ-साडेआठपर्यंत खेळ आटोपता घ्यावा, आणि पाणी पिण्याची मुभा केव्हाही असावी, त्यासाठी हात वर करून परवानगी मागावयास लावू नये.

एवढे सर्व करूनही एक दोष शिल्लक राहू शकतो, आणि तो म्हणजे रेषेबाहेर बसवलेली मुले. आपल्या गल्लीतील खेळांत धाकट्या भावंडांसाठी ‘कच्चा लिंबू’ची सोय पूर्वापार चालत आली आहे, लगोरीत, पकडापकडीत, लपंडावात त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, आणि तरीही तो खेळत असतो. मोठी माणसे आसपास नसताना मुलांनी स्वतःच केलेली ही तरतूद किती शहाणपणाची आहे, याची जाणीव आपल्या शाळाखात्यास क्वचितच असते. तिच्यात एक उणीव मात्र आहे. कच्च्या लिंबाने काहीही केले तरी ते हिशेबात धरत नाहीत, आणि सहासात वर्षांचे मूल हे फार लवकर ओळखते. मैदान लहान, चेंडू हलका, भिडू थोडे, असा सर्वच खेळ मुलांच्या मापाचा केला, की कोणालाही कच्चा लिंबू करण्याची गरज उरत नाही. त्याने अडवलेला चेंडू खराच अडवलेला असतो आणि त्याने केलेला गोल खराच गोल असतो. म्हणून दरेक मुलाने निदान निम्मा वेळ मैदानावर असलेच पाहिजे, हा नियम लेखी ठेवावा. आणि शक्य असेल तेथे राखीव भिडू ही जातच नष्ट करून शेजारी आणखी एक छोटे मैदान आखावे. गोलरक्षकाची जागा पाळीपाळीने द्यावी. जाड मुलाला कायमचा गोलात आणि चपळ मुलाला कायमचा पुढे, ही वाटणी सात वर्षांच्या वयात करणाऱ्याने पुढे काय होणार याची कुंडलीच मांडली आहे, असे समजावे लागेल.

संघ पाडण्याची रीतही विचारपूर्वक ठरवावी. दोन कप्तानांनी आळीपाळीने एकेक नाव पुकारावयाचे, आणि शेवटी उरलेल्या मुलाने सर्वांच्या देखत उभे राहावयाचे, ही चाल टाकून द्यावी. त्यापेक्षा जुन्या खेळांतील ती दुसरी चाल बरी, जीत बरोबरीची दोन-दोन मुले बाजूला जाऊन आपणास गुप्त नावे ठेवून येत आणि कप्तान त्यांतले एक नाव मागून घेई. तीत जोडीच मुळात तोलामोलाची असल्यामुळे संघ आपसूक समान होत आणि कोणाचीही बोली लागत नसे. शिक्षकाने स्वतः यादी करून दर आठवड्यास संघ बदलले तरीही चालेल. मुलांचा संघाभिमान इतका लवचीक असतो की, गेल्या रविवारच्या शत्रूबरोबर या रविवारी एका बाजूने खेळताना त्यांना काहीच अवघड वाटत नाही.

गोल मोजावेत की नाहीत, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मुले ते मोजणारच. मोजू नका असे फर्मान काढले तरी घरी जाताना त्यांच्या तोंडी नेमका आकडा असतो, आणि त्यात गैर काहीच नाही. जिंकावेसे वाटणे हा खेळाचा प्राण आहे, तो काढून घेऊन मुलांना सुखी करता येईल असे मानणारे लोक मुलांना ओळखत नाहीत. मोठ्यांनी पाळावयाचे ते एवढेच की, त्या आकड्यांचे तक्ते करू नयेत, ते भिंतीवर लावू नयेत आणि स्थानिक वर्तमानपत्राकडे धाडू नयेत. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम केले आणि २००७ मध्ये ‘मुलांचे खेळातील हक्क’ या नावाने त्यांना सनदेचे रूप दिले. तेथे अकराव्या वर्षापूर्वी गुणतक्ते प्रसिद्ध करीत नाहीत आणि तेराव्या वर्षापूर्वी राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने नाहीत. तक्त्याविनाही चुरस राखता येते. चारसहा छोटी मैदाने एका ओळीत आखावीत. दहा मिनिटांचा डाव झाला की जिंकलेला संघ एक मैदान वर जाईल आणि हरलेला एक खाली येईल. तिसऱ्या-चौथ्या डावापर्यंत सारख्या ताकदीचे संघ आपोआप समोरासमोर येतात, आणि सकाळभरात एकही सामना न जिंकलेले मूल शोधून सापडत नाही. अशा सकाळीला ढाल, करंडक, पाहुणे आणि उद्घाटन यांची काही आवश्यकता नसते. पाहुण्यांचे भाषण सामन्याहून लांबते आणि करंडक विजेत्यांच्या कमरेहून उंच असतो, हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला ते पैसे चेंडूंवर खर्च करावेत असे सुचल्याखेरीज राहणार नाही. दर दोन मुलांमागे एक चेंडू असावा. दर मुलामागे एक असेल तर फारच उत्तम.

रेषेबाहेरच्या मंडळींचा बंदोबस्त हे या साऱ्या कारभारातील सर्वांत नाजूक काम. महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड पाहावयाचे तर कोल्हापुरात जावे; पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ यांच्या लढती शाहू स्टेडियमवर असल्या म्हणजे पेठाच्या पेठा तेथे लोटतात, आणि २०१७ च्या विश्वचषकात भारताच्या कुमार संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा त्याच मातीतला. अशा ठिकाणी खेळाविषयी आस्था निर्माण करावी लागत नाही, तिला आवर घालावा लागतो; पेठेचा अभिमान सात वर्षांच्या मुलाच्या पाठीवर लादला तर त्याचा पाय उचलत नाही. पुण्यामुंबईकडे पेठेऐवजी बापाची महत्त्वाकांक्षा असते, पण वजन तेवढेच. एकाच वेळी आई ‘पळ’ म्हणते, बाप ‘मार’ म्हणतो, मार्गदर्शक ‘दे’ म्हणतो आणि काका ‘ठेव’ म्हणतो. या चार आज्ञांतून मुलाने कोणती पाळावी?

जर्मनीत ‘फेअर प्ले लीग’ या नावाने जी पद्धत प्रसार पावली, तिचे तीन नियम आपल्याकडे जसेच्या तसे घेण्याजोगे आहेत. लहान गटाच्या सामन्यास पंच नसतो, काय बाहेर गेले आणि काय गेले नाही ते मुले आपसांत ठरवतात. दोन्ही संघांचे मार्गदर्शक एकाच जागी शेजारी-शेजारी उभे राहतात आणि अगदीच निकड पडली तर बोलतात. आणि पालक मैदानापासून सुमारे पंधरा मीटर दूर असतात. पंचावाचून भांडणे होतील, अशी शंका येईल. होतात, आणि मिटतात. विटीदांडूला आणि आट्यापाट्यांना गल्लीत कोणता पंच होता? भांडण लवकर मिटवले नाही तर अंधार पडेल आणि डाव बुडेल, हे मुलांना पंचाहून अधिक चांगले समजते. पालकांसाठी मात्र नुसती सूचना पुरत नाही. चुन्याची रेघ ते ओलांडतात, म्हणून दोरी बांधावी, आणि टाळ्या सर्वांसाठी वाजवाव्यात, सूचना कोणालाच देऊ नयेत, हे पहिल्याच दिवशी हसतमुखाने पण निक्षून सांगावे.

इतके लाड केल्याने कणखर खेळाडू कसे निपजणार, हा आक्षेप केवळ आपल्याकडचा नाही. जर्मनीत हे फेरफार ठरले तेव्हा बोरुसिया डॉर्टमुंडचे तत्कालीन प्रमुख हान्स-योआखिम वात्स्के यांनी २०२३ साली त्यांवर जाहीर टीका केली होती, आणि टीका करणारा मनुष्य फुटबॉलचा जाणता होता. तरीही मला ती पटत नाही. तीन-तीनांच्या डावात हरणे अधिक ठसठशीत असते, कारण दोष द्यावयास बाकीचे आठ जण नसतात. चेंडू दर काही क्षणांनी पायाशी येतो, निर्णय घ्यावा लागतो, तो चुकतो, आणि लगेच पुन्हा घ्यावा लागतो. कणखरपणाची याहून चांगली तालीम मोठ्या मैदानाच्या कोपऱ्यात उभे राहून मिळते, असे मला वाटत नाही.

जागेविषयी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी थोडे गणित करावे. १०५ बाय ६८ मीटरच्या पूर्ण मैदानात तीस बाय वीसची नऊ छोटी मैदाने, मधे वावरण्यास वाट ठेवून, नीट बसतात. म्हणजे जेथे बावीस मुले खेळत होती तेथे एका वेळी चौपन्न खेळतात. मुंबईसारख्या शहरात, जेथे मैदानाच्या तुकड्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागतात, तेथे इमारतीमागचा वीस मीटरचा चौकही फुकट जात नाही. आखणीस फक्की, खुणांना झेंड्या किंवा मुलांच्या चपला, आणि गोलास बांबू किंवा प्लास्टिकच्या नळ्या पुरेत. विटा आणि दगड खुणेसाठी कधीही ठेवू नयेत. सुटे लोखंडी गोलखांब वापरावयाचे असतील तर ते जमिनीत पक्के रोवलेले किंवा मागून वजनाने जखडलेले असल्याची खात्री स्वतः हलवून करून घ्यावी, कारण मुले त्यांना लोंबकळतात आणि ते उलटून जीवघेणे अपघात होतात. एकाच डावात काही मुले अनवाणी आणि काही खिळ्यांच्या बुटांत, अशी सरमिसळ होऊ देऊ नये. सर्वांनी कॅनव्हासचे बूट घालावेत, नाही तर सर्वांनीच अनवाणी खेळावे.

उरली नोंदीची बाब. गुणतक्ता ठेवावयाचा नाही म्हटल्यावर काही शिक्षकांना वही रिकामी राहिल्यासारखे वाटते; त्यांनी हजेरीपट ठेवावा. नावासमोर आला किंवा नाही, किती डाव खेळला, गोलरक्षकाची पाळी केव्हा झाली, एवढेच रकाने. सहामाहीच्या सुट्टीत तो पट काढून, जूनमध्ये नाव नोंदवलेली कोणती मुले दिवाळीपर्यंत गळली ते पाहावे, आणि सुट्टी संपण्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन मुलाशीच बोलावे. पालक परीक्षेचे किंवा शिकवणीचे कारण सांगतील. मूल बहुधा निराळे काही सांगते: चेंडू मिळत नाही, कोणी तरी ओरडते, किंवा त्याला दर खेपेस गोलातच उभे करतात. ते रकान्यात लिहून घेऊन पुढल्या सोमवारपासून त्याप्रमाणे नियम बदलावा.